डावं वळण

बस वळली नाही, पण असुंता वाल्वानोचं अंग वळलं. लॅम्बर्टन स्ट्रीटचा तो शेवटचा दिवा आला तसा तिचा उजवा पाय आपोआप रेटला गेला, खांदा कलला, डावा तळवा मांडीवर हवेतलं काहीतरी ओढायला लागला. बस मात्र काही झालंच नाही अशी सरळ पुढे निघून गेली, आणि असुंता शेजारच्या माणसाच्या दंडावर जाऊन आदळली. मांडीवरची पिशवी घसरली. भाऊ रोक्कोसाठी घेतलेली बडीशेपेची बिस्किटं बसच्या फरशीवर घरंगळत मागच्या दारापर्यंत गेली. "झोप लागली होती का आजी?" शेजारचा माणूस म्हणाला. तो तसा चांगला होता, वाकून त्यानं बिस्किटं गोळा करायला सुरुवात केली. आरशातून ड्रायव्हर केयोनाचे डोळे तिच्याकडे बघत होते. केयोना तीस-बत्तीसची, असुंता निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी डेपोत आलेली. पण डेपोच्या भिंतीवर पहिल्या चार बायका-ड्रायव्हरांचा फोटो आहे, त्यातली डावीकडून दुसरी असुंता, म्हणून ती तिला ओळखत होती. "मिस वाल्वानो, तुम्हीसुद्धा?" ती हसत ओरडली. "सोमवारपासून जुना कुणीही ड्रायव्हर बसला की बरोबर इथंच कलंडतो! काल म्हातारा पिट तर खाली पडायचाच राहिला होता." सगळी बस हसली. असुंताही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, आपला डावा तळवा अजून मिटलेलाच आहे.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. खड्डा बुजवणार हे चार वर्षांपासून चाललं होतं, पेपरात नकाशे आले होते, सभा झाल्या होत्या. खड्डा म्हणजे शहराच्या मधोमध खोल खणलेला सहापदरी रस्ता, तो आता कुणाला नको होता. गाड्या कमी झाल्या होत्या, कारखाने गेले होते, माणसंही गेली होती. वर्षभर ट्रक माती आणून ओतत होते. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे ती घरात होती, आणि तेवढ्यात नऊ नंबरची बस सरळ जायला लागली. डोक्याला हे सगळं माहीत होतं. अंगाला कुणी कळवलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती हीच बस चालवत होती. लॅम्बर्टनवरून पश्चिमेला यायचं, खड्ड्याच्या कठड्यापाशी डावं वळण, कठड्याच्या कडेनं तीन चौक, मग पूल, मग उजवीकडे, मग डावीकडे, आणि पुन्हा लॅम्बर्टन, जणू मध्ये काही घडलंच नाही. हिवाळ्यात सरोवरावरून वारा सुटला की त्या वळणावर बर्फाचा थर धरायचा. चाळीस फुटी बस तिथून वळवताना मागची चाकं कठड्याकडे सरकायची आणि खाली, तीस फुटांवर, गाड्यांचे दिवे वाहत असायचे. त्या वळणानं तिच्या तळव्याला घट्टा पडला होता. तो आता मऊ झाला होता, पण दाबला की जागा सापडायची.

आणि ज्या जागेला वळसा घालून ती अठ्ठावीस वर्षं बस नेत होती, ती जागा म्हणजे तिचं घर होतं. लॅम्बर्टन स्ट्रीट, एकेचाळीस नंबर. दोन मजली लाकडी घर, खाली एक पोलिश विधवा भाड्यानं राहायची आणि वर हे चौघं: पापा, आई, रोक्को आणि ती. पापा सूट शिवणाऱ्या कारखान्यात इस्त्री मारायचे. संध्याकाळी जिना चढून वर आले की त्यांच्या अंगाला वाफाळलेल्या लोकरीचा वास यायचा, ओल्या मेंढीसारखा, आणि असुंताला लहानपणी वाटायचं की बाप नावाच्या माणसाला हाच वास असतो. पण ते मुळातले गवंडी. मायदेशी, आब्रुत्सोच्या डोंगरात त्यांच्या बापानं आणि आज्यानं दगडी भिंती बांधल्या होत्या. अमेरिकेत आल्यावर दगडाचं काम मिळालं नाही, इस्त्री मिळाली. तरी रविवारी रस्त्यानं चालताना ते कुठल्याही भिंतीसमोर थांबायचे, एक डोळा मिटायचे, आणि भिंतीची परीक्षा करून पुढे निघायचे. चर्चची भिंत नापास होती. बँकेची पास होती. मागच्या अंगणात त्यांचं अंजिराचं झाड होतं. इथल्या थंडीत अंजीर जगत नाही, म्हणून दर नोव्हेंबरात ते झाडाच्या एका बाजूची मुळं तोडून ते हळूहळू आडवं करायचे, गोणपाटात गुंडाळायचे, चर खणून त्यात निजवायचे, वर माती, फळ्या, पालापाचोळा. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचे. एकोणीसशे एकोणसाठच्या नोव्हेंबरातही त्यांनी ते तसंच निजवलं. रस्त्यासाठी घर पाडणार अशी नोटीस येऊन तेव्हा पाच महिने झाले होते, आई खिडकीत उभी राहून म्हणाली, "कुणासाठी करताय हे?" त्यावर पापा म्हणाले, "त्याला थंडी वाजते." मार्चपर्यंत मुदत आहे असं सगळे समजत होते. जानेवारीतच घर रिकामं करावं लागलं. झाड तिथंच राहिलं.

आज बसमधून ते बघावं म्हणून तिनं मान वळवली तर सगळं मागे पडलंही होतं. दोन्ही बाजूंना चार मजली नव्या इमारती होत्या, बाल्कन्यांत सायकली, कोवळी झाडं काठ्यांना बांधलेली, कुणीतरी कुत्रं फिरवत होतं. पन्नासेक वर्षं जिथे नुसती हवा होती आणि हवेच्या खाली घरघर, तिथं आता जमीन होती. बस स्वयंपाकघराच्या कुठल्या कोपऱ्यावरून गेली असेल?

रोक्को राहायचा तो वृद्धाश्रम या मार्गाच्या पश्चिम टोकाला होता. दर गुरुवारी ती जायची. तो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून टीव्हीवर बेसबॉल बघत होता आणि खेळाडूंना शिव्या देत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता, पाय गेले होते, हात मात्र अजून फावड्यासारखे. "उशीर केलास," तो म्हणाला.

"लवकर आलेय. सात मिनिटं लवकर. घड्याळ बघ."

"बिस्किटांना माती लागलीय."

"बसमध्ये पडली. पुसून खा. मोठा आलाय नखरे करणारा."

तो पुसून खायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "लवकर कशी काय?"

"बस आता सरळ जाते. लॅम्बर्टनवरून. वळत नाही."

त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. त्यांच्या घरात त्या रस्त्याला कुणी कधी रस्ता म्हटलं नाही, 'खड्डा' म्हणायचे, आणि तेही रोक्को समोर नसताना. "पुरा बुजवला?" त्यानं विचारलं.

"पुरा."

"आणि कडेची भिंत?"

"वरची चार फूट तोडली म्हणे. खालची तशीच ठेवून वर माती टाकली. केयोना सांगत होती."

"सव्वीस फूट राहिली म्हणजे," रोक्को म्हणाला. त्यानं हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. असुंताच्या जिभेवर तेव्हा ते वाक्य आलं होतं. सदतीस वर्षं ते वाक्य तिच्याजवळ होतं आणि पुष्कळदा ते असं जिभेवर यायचं. भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. ती म्हणाली, "चहा सांगू का तुला?" तो म्हणाला, "नको, तो चहा म्हणजे धुणं धुतलेलं पाणी असतं." आणि त्या गुरुवारीही ते तिथंच राहिलं.

घरी परतताना ती मुद्दाम डाव्या बाजूला बसली, सीटच्या दांड्याला घट्ट धरून, आणि तरीही बस त्या जागी आली तेव्हा डोळे मिटून घेतले. तिचं तिलाच हसू आलं. मग आठवडाभर मात्र हसू आलं नाही. सकाळी कॉफी गॅसवर चढवून ती उभी राहायची आणि कॉफी उतू जायची. तिला एकसारखा तो साठचा मार्च दिसत होता. नव्या भाड्याच्या घरात पहिल्यांदाच सगळे नीट जेवायला बसले होते, आणि एकोणीस वर्षांचा रोक्को पिवळं हेल्मेट हातात घेऊन आत आला होता. त्याला खड्ड्याच्या कामावर घेतलं होतं. त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्याच घराच्या जागी. पापांनी हेल्मेटकडे बघितलं. मग ते उठले, रोक्कोची थाळी उचलली, त्यातला पास्ता परत पातेल्यात ओतला आणि थाळी मोरीत ठेवली. आई म्हणाली, "अहो, पोरगं उपाशी आहे." पापा म्हणाले, "इथं एक तर ती टोपी राहील नाहीतर मी." रोक्कोनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. दहा वर्षांच्या असुंताकडेही बघितलं. आणि टोपी डोक्यावर घालून जिना उतरला. त्या टोपीच्या पट्ट्याचा टिकटिक आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतरच्या रविवारी, आणि पुढे चौदा वर्षं बहुतेक प्रत्येक रविवारी, आई तिला घेऊन नऊ नंबरच्या बसनं रोक्कोकडे जायची. पापांना सांगायची, चर्चमधल्या बायकांकडे जातेय. पापा कधी विचारायचे नाहीत की चर्चमधल्या बायकांना एवढा सॉस आणि एवढा पाव कशाला लागतो. असुंताला त्या बसचा फार अभिमान वाटायचा. हिरव्या रंगाच्या खरबरीत गाद्या, दोरी ओढली की वाजणारी घंटा, आईच्या मांडीवरचं ऊनऊन पातेलं आणि त्याचा पूर्ण बसभर पसरणारा लसणाचा वास. काचेवर बोटानं ती चित्रं काढायची. वळण आलं की आई पातेलं पोटाशी धरायची आणि खाली खड्ड्याकडे न बघता समोर बघायची. आई गेल्यावर चार वर्षांनी शहरानं बायकांना ड्रायव्हर म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा असुंतानं अर्ज केला. लोक विचारायचे, काय गं, बसच का? ती म्हणायची, पेन्शन आहे. खरं म्हणजे तिला तो रविवारचा वास सोडवत नव्हता.

आणि एक्याऐंशीचा ऑक्टोबर. पापा शहात्तरचे. कधीही नऊ नंबरच्या बसला न शिवलेला माणूस, कामाच्या दिवशी रविवारचा कोट घालून लॅम्बर्टनच्या थांब्यावर उभा. ती घाबरली, काय झालं म्हणून. ते चढले, बरोबर मोजून भाडं टाकलं आणि तिच्या पाठीमागच्या सीटवर बसले. वळण आलं, गेलं. पश्चिम टोक आलं. "पापा, शेवटचा थांबा." "मला माहीत आहे. चालव तू." परतीच्या फेरीत पुलावरून येऊन कठड्याच्या कडेला सिग्नल लाल झाला, बस थांबली. पलीकडे खड्ड्याची लांबच लांब काँक्रीटची भिंत सकाळच्या उन्हात. पापा उठून उभे राहिले. काच त्यांच्या श्वासानं धुरकट झाली, ती त्यांनी बाहीनं पुसली. एक डोळा मिटला. सिग्नल हिरवा होऊन मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तरी ते बघतच होते. मग गावाकडच्या बोलीत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "ओळंब्यात आहे. पोराचा हात बसलाय." असुंता म्हणाली, "पापा, बसा. हिरवा पडला." एवढंच. त्याहून जास्त काही ती बोलली नाही. डिसेंबरात पापा गेले.

तिनं रोक्कोला फोन केला होता. त्या क्षणी ती सांगणारच होती. पण तो म्हणाला, "मी येत नाही. त्यानं मला बोलावलं नसतं." ती म्हणाली, "रोक्को, ऐक." तो म्हणाला, "तू तुझं कर," आणि फोन ठेवला. शवपेटी उचलायला कारखान्यातले दोन म्हातारे आणि चार भाड्याची माणसं होती. बर्फावर त्यांचे पाय सरकत होते. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं: आता नाही सांगणार. राहा तसाच. नऊ वर्षं दोघं एकाच शहरात असून बोलले नाहीत. मग त्याची बायको गेली, असुंता सॉसचं पातेलं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, त्यानं दार उघडलं, पातेलं घेतलं, आणि काही न बोलता दोघं पुन्हा बहीण-भाऊ झाले. सांगायची ती वेळ होती. पण नऊ वर्षं शिळं झालेलं ते कुठून काढायचं, काय म्हणून काढायचं?

पुढच्या गुरुवारी ती वृद्धाश्रमात गेली आणि म्हणाली, "कोट घाल. बाहेर जायचंय."

"कुठं?"

"बसनं. तुला दाखवते."

"मला काही बघायचं नाही."

"मग मला बघ. घाल कोट."

तिथली परिचारिका ऑडेट म्हणाली, "जा हो, नाहीतरी दिवसभर त्या टीव्हीला शिव्याच घालताय." कोट घालायला त्याला दहा मिनिटं लागली, टोपी शोधायला पाच. केयोनाची बस आली, दाराशी झुकली, खुर्ची चढवायचा रॅम्प बाहेर आला. रोक्कोची खुर्ची पट्ट्यांनी बांधताना केयोना म्हणाली, "साहेब, माझ्या बसमध्ये पडायचं नाही हं. तुमच्या बहिणीनं आधीच नाव घालवलंय." रोक्को हसला नाही. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आलं का?" आणि ती दोनदा म्हणाली, "अजून नाही."

मग दिवा आला. बस सरळ निघाली. असुंतानं या वेळी सीटचा दांडा पकडला होता. "हे बघ," ती घाईघाईनं म्हणाली, "हा जिना. हे स्वयंपाकघर. हे मागचं अंगण, आणि... गेलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटायचं, केवढं मोठं होतं." तो मान वळवून मागे बघत होता, एक बाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिच्याकडे. "मी तेव्हा घराचाबिराचा विचारच केला नव्हता, सुंता. खोटं कशाला बोलू. मला ते यंत्र चालवायचं होतं. एकोणीस वर्षांचा होतो. नंतर भिंतीच्या कामावर घातलं त्यांनी मला. काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्या मी ठोकल्या होत्या, ओळंबा रोज दहा वेळा लावायचो. मुकादम म्हणायचा, हा काय चर्च बांधतोय का." तो थांबला. "आता ती कुणाला दिसायची नाही. आणि ज्याला दाखवायची होती त्यानं तर कधी बघितलीच नाही."

"बघितली," असुंता म्हणाली.

"काय?"

"पापांनी बघितली. माझ्या बसमधून. सिग्नलला उभे राहून." तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "म्हणाले, ओळंब्यात आहे. पोराचा हात बसलाय."

रोक्को तिच्याकडे बघत राहिला. मध्ये एक थांबा आला. दोन पोरी उतरल्या, एक माणूस चढला, दार सुस्कारा टाकत बंद झालं.

"कधी?"

"एक्याऐंशी साली. ऑक्टोबरात."

"आणि तू आज सांगतेस."

"मी चिडले होते तुझ्यावर. शवपेटीला भाड्याची माणसं लावावी लागली मला."

"सदतीस वर्षं चिडली होतीस?"

"पहिली नऊ वर्षं चिडले होते. मग लाज वाटत होती."

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती. तिनं त्याच्या बाहीला हात लावला, त्यानं हात काढून घेतला. रागानं नाही, किंवा रागानंच, तिला कळलं नाही. बस पूर्व टोकाला पोचली. केयोना मागे वळून म्हणाली, "उतरणार का इथं? थोडं ऊन आहे बाहेर." असुंता काही बोलणार तोच रोक्को म्हणाला, "नाही. चालव तू." केयोनानं खांदे उडवले आणि बस फिरवली. असुंतानं मात्र चमकून त्याच्याकडे बघितलं, कारण तेच शब्द होते आणि तसेच तोडून टाकलेले, आणि शेवटच्या थांब्यावर पापा हेच म्हणाले होते हे तिनं रोक्कोला कधी सांगितलं नव्हतं.

पावाची बेकरी गेली, दवाखाना गेला. मग खिडकीकडेच बघत तो म्हणाला, "कसं म्हणाला? आपल्या बोलीत सांग."

तिला आठवावं लागलं. शब्द ठाऊक होते, पण ती बोली तिच्या तोंडातून पापा गेल्यापासून बाहेर पडली नव्हती. घरात ती बोलायला कुणी उरलंच नव्हतं. तिनं वाक्य जुळवलं, अडखळत, शाळेतल्या पोरीसारखं.

"हे काय," रोक्को म्हणाला. "असं टीव्हीवरचे बोलतात. बाप शेवटचा शब्द गिळायचा. पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं.

"छे. घशातून. तो आधी खाकरायचा आणि मग बोलायचा." आणि तो खाकरला, हनुवटी छातीशी नेली आणि ते वाक्य म्हणाला. समोरच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून बघितलं. पापांचा तो आवाज असुंतानं सदतीस वर्षांत ऐकला नव्हता. तो इतका खाली, इतका खरखरीत होता हे ती विसरूनच गेली होती. इतकी वर्षं तिनं ते वाक्य सांभाळलं होतं, आवाज मात्र सांभाळता आला नव्हता, आणि तो रोक्कोच्या घशात इतके दिवस नुसता पडून होता.

"असं म्हणाला?" रोक्कोनं विचारलं. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"असंच," ती म्हणाली. "थोडं हळू. पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला. मग ती म्हणाली. त्यानं तिचा एक स्वर दुरुस्त केला, तिनं त्याचा एक. केयोना आरशातून बघत होती आणि थांबे पुकारत होती. लॅम्बर्टनचा दिवा कधी आला, बस सरळ कधी गेली, दोघांनाही कळलं नाही.